अठरा हातांचे लुगडे



मागील अंकातील वाळवणांच्या लेखावर अनेक भगिनींनी पापडखाराचे प्रमाण विचारले आहे. ते पुढील अंकात अवश्य देईन. या वेळचा विषय कापडाचा आहे आणि तो मी निवडलेला नाही. माझ्या नातीच्या शाळेने निवडला आहे.

शाळेत ‘देशोदेशींचे वेश’ असा कार्यक्रम ठरला. प्रत्येक मुलाने चिठ्ठी उचलायची आणि त्या देशाचा लोकवेश करून यायचे. आमच्या नातीच्या चिठ्ठीत निघाला रुमानिया. तीन पिढ्या कापडाच्या व्यापारात गेलेले आमचे घर. पण रुमानियाचे लोक काय नेसतात, हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते. चित्रे पाहिली, वाचले, आणि दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

त्यांच्या स्त्रियांच्या वेशाचा प्राण म्हणजे एक पांढरी, सैल, लांब बाह्यांची चोळी. तिला ते ‘ईये’ म्हणतात. ती शिवतात खरी, परंतु तिच्यात गोलाकार कातरकाम नसते. ताग-अंबाडीच्या जातीचे, जवसाचे किंवा सुताचे घरी विणलेले कापड सरळ पट्ट्यांत फाडायचे आणि त्या पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, असा तिचा मूळ घाट. कापडाची एक चिंधीही वाया जात नाही, हे पाहून माझ्यातली कापडवाली सुखावली. खांद्यावर भरतकामाचा एक दाट आडवा पट्टा असतो. त्याचे नाव ‘आल्तित्सा’. त्या पट्ट्यातील नक्षी आणि रंग पाहून जाणकार बाई नेसणारीचा मुलूख सांगत असे. चोळीखाली, काही भागांत, ‘फोता’ नावाचे एक अखंड आयताकृती वस्त्र कमरेभोवती गुंडाळतात आणि वर विणलेला पट्टा आवळतात. लग्न झालेली स्त्री डोके झाकते. पुरुषांचा वेश साधा: गुडघ्याकडे येणारा लांब पांढरा सदरा, तो विजारीच्या बाहेर सोडलेला, कमरेला रुंद पट्टा, आणि थंडीसाठी मेंढीच्या कातड्याची बंडी व लोकरी टोपी. ही कातड्याची बंडी आम्ही अर्थातच गाळली.

या चोळीचे त्या लोकांना फार कौतुक. फ्रेंच चित्रकार मातीस याने १९४० साली तिच्यावर एक चित्र रंगविले. त्यांची राणी मारी स्वतः हा वेश हौसेने करीत असे. दर वर्षी २४ जून हा दिवस ते या चोळीचा दिवस म्हणून पाळतात, आणि खांद्यावरील त्या भरतकामाच्या कलेला २०२२ साली रुमानिया व शेजारचा मोल्दोव्हा या दोन्ही देशांच्या नावे युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

आम्ही आमच्याच गावच्या पांढऱ्या केंब्रिकची चोळी शिवली. सूनबाईंनी खांद्यावर लाल-काळ्या धाग्यांनी फुल्या भरल्या. फोत्यासाठी काळ्या कापडाचा एक तुकडा मी नातीच्या कमरेला गुंडाळू लागले, तशी ती म्हणाली, “आजी, तू तर मला लुगडंच नेसवते आहेस!”

मुलीचे बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. पण खरा प्रश्न पुढे आला. शाळेने दिलेल्या कागदाच्या मागील बाजूस छापले होते : ‘तुमच्या प्रदेशातील स्त्री-पुरुषांचा पारंपरिक वेश कोणता? पाच ओळी लिहा.’ तिने पटकन लिहून टाकले : पुरुष धोतर, सदरा व फेटा घालतात, स्त्रिया नऊवारी साडी व नथ घालतात. आणि तुलनेसाठी म्हणून दुकानातील शिवलेली नऊवारी मागू लागली. झग्यासारखी पायांतून वर ओढायची, कमरेला हूक लावायचा, निऱ्या आणि काष्टा आधीच टाचलेले. दोन मिनिटांत वेश तयार.

मी तिला थांबविले. उत्तर खोटे नव्हते, पण ते कॅलेंडरावरील चित्राचे उत्तर होते. भिवंडीच्या बाजारात बसून गेल्या चाळीस वर्षांत मी जे नेसलेले पाहिले, ते त्या पाच ओळींत कोठेच नव्हते.

लग्न होऊन मी या घरी आले, तेव्हा आमच्या दुकानाच्या डाव्या भिंतीची सगळी फडताळे लुगड्यांची होती. मंगळवार-शुक्रवारी, विशेषतः भातकापणीनंतर, खारबाव, अंजूर, पिंपळास, काल्हेर, कोन या बाजूंच्या आगरी बाया, पडघा-वज्रेश्वरीच्या अंगाने कुणबी बाया आणि त्याहून आत डोंगराकडून वारली-कातकरी माणसे खरेदीला येत. मामंजी मला गल्ल्यामागे बसवून म्हणत, “नुसती पाहत राहा. कोण कसे नेसले आहे, ते कळले की काय दाखवायचे ते आपोआप कळेल.” व्यापाराचा तो पहिला धडा होता आणि मी तो मन लावून गिरविला.

आगरी स्त्रीचे लुगडे गुडघ्याशी थांबे. ‘आगर’ म्हणजे मिठागर. त्यावरूनच या समाजाचे नाव आले, असे मानतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात पिंढऱ्यांपर्यंत उभे राहून मीठ ओढायचे, आषाढात भातलावणीच्या चिखलात वाकायचे, तेथे घोट्यापर्यंतचे वस्त्र काय कामाचे? म्हणून लुगडे वर ओढून, कासोटा घट्ट खोचून नेसत. कोळी बायकांचे नेसणे याच वळणाचे, परंतु अधिक चापूनचोपून. आणि अंगावर चोळीवरून वेगळे वस्त्र घेण्याची त्यांची रीत. वारली स्त्रीचे वस्त्र आणखी आखूड. तिला नऊ वार एकसंध परवडतही नसे आणि लागतही नसे. कमरेला एक तुकडा आणि पदराला दुसरा, असे ती घेई. मामंजी तिच्यासाठी लुगडे फाडून देत, आणि उरलेला तुकडा कोणाला तरी जाईपर्यंत वाट पाहत. गावातल्या ब्राह्मण आळीतील बायकांचे लुगडे घोट्यापर्यंत, निऱ्या सुबक, पदर दोन्ही खांद्यांवरून. अशी चार वळणे एकाच सकाळी एकाच बैठकीवर दिसत. कापड मात्र सर्वांचे तेच.

मुख्य गोष्ट हीच आहे, आणि रुमानियाच्या चोळीपासून आपला वेश वेगळा होतो तो येथेच. त्यांची कला चोळीवर भरलेली आहे. चोळी पेटीत ठेवली तरी कला पेटीत राहते. आपल्याकडे घडी उलगडली तर समोर काय असते? काठ-पदर असलेले एक लांब कापड. त्याचे आगरी नेसणे की कोळी नेसणे, हे कापडावर लिहिलेले नसते. ते नेसणारीच्या हातांत असते. ती हात थांबले की कापड उरते आणि वेश जातो.

नेसण्याचा क्रम ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लुगड्याचे एक टोक मागून कमरेभोवती आणून पुढे गाठ मारायची. ही गाठ सर्वांत महत्त्वाची. सगळा भार तिच्यावर. आतून परकर नसतो, नाडी नसते. मग पदरासाठी लागेल तेवढी लांबी मोजून बाजूला काढायची, उरलेल्याच्या निऱ्या घालायच्या, त्यांतील मधला भाग दोन्ही पायांतून मागे नेऊन कमरेला खोचायचा. तोच कासोटा. पुढे उरलेल्या भागाचा ओचा होतो. कमरेच्या घडीत कनवट होते, आणि त्या कनवटीत पैसे. आमच्या दुकानात बिल चुकते करताना बाया पाठ फिरवीत, कनवटीतून चुरगळलेल्या नोटा काढीत आणि बैठकीवर एकेक सरळ करून ठेवीत. ओच्यात भाजी, पदरात मूल, डोक्यावर पाटीखाली जुन्या लुगड्याची चुंबळ. विरले की त्याचीच बाळाची झोळी, आणि शेवटी गोधडी. दुकानातून गेलेल्या एका लुगड्याचा हिशेब असा पंधरा-वीस वर्षे चाले.

माप हाताने होई. अठरा इंचांचा एक हात, दोन हातांचा एक वार, नऊ वारांचे अठरा हात. आम्ही लोखंडी गजाने मोजून दिले तरी बाई कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पुन्हा मोजी. बुटक्या बाईच्या हाताने ते एकोणीस-साडेएकोणीस भरे आणि ती खूश होऊन जाई. उंच बाईच्या हाताने सतरा भरे आणि भांडण होई. मामंजी न रागावता गज पुन्हा लावीत. लांबीइतकाच पन्ह्याचा प्रश्न असे. गुडघ्यापर्यंत नेसणारीला पन्हा थोडा तुटका चाले. घोट्यापर्यंत नेसणारी ते लुगडे हातात घेताच खाली ठेवी.

नावे तर किती! इरकली, नागपुरी, महेश्वरी. संक्रांतीला काळी चंद्रकळा. इरकल म्हणजे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील इळकल. तेथील लुगड्याचा लाल पदर अंगाच्या ताण्याला वेगळा गुंफून जोडलेला असतो. पदराचा ताणा आणि अंगाचा ताणा एकमेकांत फासे घालून अडकवितात. सांधा बोटाला लागतो, डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्याच मुलखातील गुळेदगुड्डचे खण चोळीला. दोन राज्यांची सीमा ओलांडून ते कापड आगरी लग्नात येई आणि धवलारीण धवळे म्हणत असताना नवरीच्या ओटीत पडे. इरकलीत सूत किती आणि रेशीम किती, हा प्रश्न मात्र आमच्या घरी वेगळ्या कारणाने विचारला जाई. रेशीम किड्याचे आहे की कृत्रिम, हे सांगितल्याशिवाय माझ्या सासूबाई त्याला हात लावीत नसत, आणि कृत्रिम निघाले की म्हणत, “मग घ्यायला हरकत नाही, पण विकताना रेशीम म्हणू नका.”

पुरुषांच्या वेशावर लिहिण्यासारखे कमी नाही, पण तो आमच्या डोळ्यांदेखत फार लवकर गेला. कोळी पुरुषाचा चौकडीचा रुमाल, ज्याला सुरकाही म्हणतात, कमरेला तिरका बांधलेला, त्याचे टोक पुढे. वर बंडी आणि डोक्याला टोपी. आगरी-कुणबी माणूस शेतावर लंगोटीत, बाजारात आखूड धोतर, बंडी आणि मुंडासे किंवा टोपी यांत. धोतर विकले जाई ते जोडीने, आणि एकेकाला ‘पान’ म्हणत. आमच्या घरातील सर्वांत जुन्या छायाचित्रात मामंजींचे वडील पगडी घालून बसले आहेत. मामंजींच्या तरुणपणीच्या छायाचित्रात काळी टोपी आहे, आणि पुढच्या छायाचित्रात पांढरी. नंतर डोके उघडे. पगडीवरून माणसाची जात, गाव आणि पेढी ओळखता येई, असा तो काळ. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर मोठा ग्रंथ लिहिला. मामंजींच्या पिढीने ज्यांतले निम्मे उतरवून ठेवले होते, त्याची नोंद तेव्हा झाली. पुढे १९९७ मध्ये शांताल बुलांझे या फ्रेंच विदुषीने भारतभर फिरून साड्या नेसण्याच्या पद्धती आकृत्यांसह पुस्तकरूपाने मांडल्या. परदेशी बाईने गाठ कोठे मारतात ते पायरीपायरीने लिहून ठेवावे आणि आमच्या दुकानात ते कोणाच्या मनातही येऊ नये, याची मला थोडी लाज वाटते.

आपल्या घरांतही न शिवलेले वस्त्र एका ठिकाणी टिकून आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. पूजेला जाणारा पुरुष धोतर नेसतो आणि अंगावर खेस घेतो. त्याच खेसाच्या आठ घड्या करून मुखकोश बांधतो. माझा मुलगा रोज सकाळी विनाकटकट धोतर नेसून मंदिरात जातो आणि परतल्यावर दहा मिनिटांत विजार चढवून दुकान उघडतो. त्याला धोतर नेसता येते, कारण रोज नेसावे लागते. दुसरे काही कारण नाही.

आता आमच्या गावाविषयी. बाहेरगावचे नातेवाईक मला नेहमी म्हणतात, “तुम्हाला काय, भिवंडीत लाखांनी माग, लुगडी दारातच मिळत असतील.” त्यांना सांगावे लागते की या गावात रात्रंदिवस खडखडणाऱ्या यंत्रमागांवर आमच्या गिऱ्हाइकांचे लुगडे जवळजवळ विणले जात नाही.

पूर्वी असे नव्हते. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून मोमीन विणकर येथे येऊन स्थायिक झाले, आणि त्यांच्या हातमागांवर याच प्रदेशातील बायकांसाठी लुगडी-साड्या विणल्या जात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस येथे यंत्रमाग आले. त्याचे श्रेय खानसाहेब समद शेठ यांना देतात. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी त्याआधीच, १९०४ साली, यंत्रमाग आणला होता. पुढे युद्धकाळात कापडाची टंचाई झाली. १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणले, आणि ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्द घरोघरी झाला. नऊ वारांऐवजी पाच-सहा वारांत भागते, हे त्या दिवसांत पुष्कळ घरांनी शिकून घेतले, असे सासूबाई सांगत. शहरातल्या शिकलेल्या मुली गोल पातळ नेसू लागल्याच होत्या. टंचाईने त्यांना आणखी एक सबब दिली. पुढे १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे सरकले आणि गाव मागांनी भरून गेले.

पण ते माग विणीत होते कोरे कापड. त्याचे कारण व्यापाऱ्याला लगेच कळेल. कोऱ्या कापडाला एकाच जातीचा ताणा, एकच बाणा. माग सुरू केला की ताणा संपेपर्यंत थांबायला नको. रंगविण्याची जबाबदारी पुढच्याची. लुगड्याला सूत आधी रंगवून घ्यावे लागते, काठाला वेगळा ताणा, पदर आला की माग थांबवून बाण्याचा रंग बदलायचा. आणि एवढे करून एका जातीची चार-सहा डझनच खपणार. मजुरी मीटरवर मिळत असेल, तर थांबणारा माग कोण चालवील? त्यात १९८५ चा हातमाग आरक्षणाचा कायदा आला. हातमागावर पोट असलेल्यांसाठी २२ प्रकार राखून ठेवले गेले. त्यांत काठ-पदराची सुती साडी होती, धोतर होते, खेससुद्धा होता. कायद्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९३ मध्ये कायदा वैध ठरला. नंतर प्रकार ११ वर आले. हातमागवाल्याचे संरक्षण व्हावे, हा हेतू योग्यच होता, आणि मी त्याला दोष देणार नाही. परंतु आमच्या फडताळावर त्याचा परिणाम उलटा दिसला. हातमागाचे सुती लुगडे शेतमजूर बाईच्या आवाक्याबाहेर गेले, आणि यंत्रमागाचे जे स्वस्त आले ते पॉलिएस्टरचे. ते घाम टिपत नाही. त्याची गाठ सुटते. चिखलातून निघालेली बाई ते दगडावर आपटून धुऊ शकते, एवढाच त्याचा गुण.

शिवलेली नऊवारी आली ती यानंतर. हल्ली आगरी-कोळी लग्नांत हळदीचा सोहळा लग्नाहून मोठा असतो, आणि घरातल्या सर्व बायका एकाच रंगाची नऊवारी घालतात. एका घराची मागणी तीस-चाळीस नगांची. हे आनंदाचेच आहे. आजीच्या वेशाची नातीला लाज वाटत होती, तो काळ मी पाहिला आहे, आणि आता ती तो हौसेने मिरविते. आमच्या दुकानालाही त्यात बरकत आहे. माझा मुलगा म्हणतो, “आई, लुगड्याची तीन फडताळे आपण सांभाळतो आहोत ती कोणासाठी? महिन्याला चार नग जातात. तेथे शिवलेल्या नऊवाऱ्या टांगू.” हिशेबाने त्याचे म्हणणे खरे आहे. मी त्याला दोन वर्षे टाळत आले आहे.

टाळण्यामागे एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्याकडून आमच्याकडे लुगड्यांचा एक गठ्ठा आला. शिक्का नऊ वारांचा. खाडीकडच्या एक मावशी आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे. त्यांनी एक लुगडे घेतले, बैठकीवर बसून हाताने मोजले आणि म्हणाल्या, “शेठानी, आटरा हात नाय भरत. सतराच हात हाय यो लुगरा.” मुलगा हसला, त्याला वाटले, मावशींचा हातच लांब आहे. मी गज लावला. साडेआठ वार. दुसरे उघडले, तेही साडेआठ. सबंध गठ्ठाच तसा निघाला.

व्यापाऱ्याला दूरध्वनी केला. त्याचे उत्तर आजही कानात आहे : “बाई, आता नेसतो कोण? कापून शिवायलाच नेतात. शिवायला आठ वारसुद्धा पुरतात.” त्याच्या बोलण्यात लबाडीपेक्षा खात्रीच अधिक होती. आणि विचार केला तर त्याचे म्हणणे समजण्यासारखे होते : कातरून शिवणाऱ्याला अर्धा वार कमी पडला तर काही बिघडत नाही. बिघडते ते फक्त जिला स्वतः नेसायचे आहे तिचे. एक हात कमी म्हणजे कासोटा मागे पोचत नाही, किंवा पदर डोक्यावर येत नाही. दोहोंपैकी एक सोडावे लागते. गाठीपासून मोजत येणाऱ्या बाईलाच ते कळते. अशी बाई बैठकीवर उरली नाही, की साडेआठ वारांना नऊवारी म्हणायला कोणाची हरकत राहणार?

कमी-अधिक माप हा आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. पाठशाळेत तो आपण सगळेच घोकतो. मामंजी असते तर त्यांनी गठ्ठा परत पाठविला असता. आम्ही पाठवू पाहिला. व्यापाऱ्याने घेतला नाही. शेवटी मी आणि सूनबाईंनी बसून प्रत्येक घडीवर शाईने ‘साडेआठ वार’ असे लिहिले आणि भाव उतरविला. मुलगा म्हणाला, “अख्ख्या बाजारात हे नऊ वार म्हणून चालले आहे.” मी म्हटले, चालू दे. तो गठ्ठा संपायला दोन दिवाळ्या लागल्या. त्या मावशींसाठी मी दुसरीकडून पुऱ्या मापाचे एक सुती लुगडे मागविले. तेव्हापासून फडताळाचा विषय निघाला की मला ते सतरा हात आठवतात.

नातीच्या शाळेचा कागद अजून अर्धा कोरा होता, आणि त्याच आठवड्यात त्या मावशी दुकानात आल्या. नातवाचे लग्न ठरले आहे. घरात हळदीसाठी सर्व बायकांना शिवलेल्या नऊवाऱ्या घेतल्या आहेत, त्यांनाही एक आणली आहे. “तो आयता मना नको,” त्या म्हणाल्या. त्यांना नेसायचे लुगडे हवे होते. मी फडताळातील शेवटची तीन काढून समोर ठेवली. त्या मोजू लागल्या. नात शेजारी बसून त्यांच्या कोपराकडे पाहत होती, आणि मग तिने कागद पुढे करून विचारले, “आजी, तुम्ही कसं नेसता? मला पाच ओळी लिहायच्या आहेत.”

मावशींना कागदाशी काही देणेघेणे नव्हते. त्या उठल्या, तिला हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेल्या, आणि फडताळातलेच एक हिरवे लुगडे तिच्या सलवारीवरून नेसवू लागल्या. गाठ मारताना मुलगी ओरडली, “घट्ट होतंय!” मावशींनी ती आणखी घट्ट केली. निऱ्या, कासोटा, पदर. सगळे मिळून चार मिनिटेही लागली नसतील. मग मावशी म्हणाल्या, “आता बस खाली, बाय.” नात जपून, साडी सांभाळणाऱ्या मुलीसारखी, कडेवर टेकायला गेली. “अशी नाय. उकिडवी बस.” ती उकिडवी बसली. उठली. पुन्हा बसली. मग जिन्याने वर पळत गेली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. लुगडे जागचे हलले नव्हते. मुलगा गल्ल्यावरून उठून दारात येऊन उभा राहिला होता.

शाळेच्या कार्यक्रमात नात रुमानियाची चोळी घालून गेली आणि तिची चोळी सर्वांना आवडली. सूनबाईंच्या फुल्यांचे बाईंनी खास कौतुक केले. कागदाच्या मागे मात्र तिने पाच ओळींऐवजी एक आकृती काढून दिली आहे : कमरेची गाठ, तिच्या दोन्ही बाजूंना बाण, आणि खाली ‘१८ हात’.

मावशींनी तिन्हींतले एक लुगडे पसंत केले, पाठ फिरवून कनवटीतून नोटा काढल्या आणि बैठकीवर सरळ करून ठेवल्या. त्या गेल्यावर मुलाने माझ्याशी काही न बोलता इचलकरंजीच्या एका ओळखीच्या मागवाल्याला दूरध्वनी लावला आणि पुऱ्या नऊ वारांची सुती लुगडी किती दिवसांत मिळतील, ते विचारले. डझनभर मागविली आहेत. लग्नसराई आहे, तेव्हा त्यांत एकही काळे नको, असे मावशींनी जाता जाता बजावून ठेवले आहे.